मुक्या पडद्यावरच्या मायलेकी

मैत्रिणींनो, एक सोपा प्रश्न विचारते. सिनेमात काम करणारी पहिली मराठी बाई कोण? आमच्या अलिबागकडे हळदीकुंकवाला जमलेल्या बायकांना हे विचारून पाहा. बहुतेक जणी चटकन सांगतील, "दुर्गाबाई खोटे!" त्यात नवल काहीच नाही. दुर्गाबाई उतारवयात इकडे अलिबागला येऊन राहिल्या, त्यामुळे इथल्या लोकांना त्या आपल्या गावच्याच वाटतात. शिवाय त्यांची गोष्टही तशीच. सॉलिसिटरची लेक, खोट्यांच्या मोठ्या घरची सून, सेंट झेवियर्स कॉलेजात शिकलेली. घरची श्रीमंती ओसरली आणि दोन मुलांना वाढवायचं होतं, म्हणून १९३१ साली 'फरेबी जाल' या चित्रपटात त्यांनी एक लहानशी भूमिका केली. पुढच्याच वर्षी प्रभातच्या 'अयोध्येचा राजा'मध्ये त्या तारामती झाल्या. चांगल्या घरची बाई तोंडाला रंग लावते म्हणून त्या वेळी केवढा गहजब झाला होता!

पण उत्तर चुकलं हं! या दुर्गाबाईंच्याही अठरा वर्षं आधी दुसऱ्या एक दुर्गाबाई कॅमेऱ्यापुढे उभ्या राहिल्या होत्या. त्या एकट्या नव्हत्या, बरोबर तेरा वर्षांची लेकही होती. आईचं नाव दुर्गाबाई कामत, लेकीचं कमळा. हीच कमळा पुढे कमलाबाई गोखले म्हणून ओळखली गेली. चंद्रकांत गोखल्यांची आई आणि विक्रम गोखल्यांची आजी म्हटलं, की तुम्हांला लगेच ओळख पटेल. मात्र मुलगा नि नातू यांच्यावरून ओळख पटावी इतकी लहान ही बाई नव्हती. म्हणून आज त्या दोघी मायलेकींविषयी सांगावंसं वाटतं.

साडी चालते, बाई चालत नाही

आधी तो काळ डोळ्यांपुढे आणू या. १९१२-१३ साल. मुंबईत दादरला दादासाहेब फाळके आपला पहिला चित्रपट 'राजा हरिश्चंद्र' तयार करत होते. विम्याची पॉलिसी गहाण टाकलेली, घरातलं सोनं मोडलेलं. पत्नी सरस्वतीबाई दिवसा साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक करत, उन्हात पांढरी चादर धरून नटांच्या तोंडावर उजेड पाडत, आणि रात्री अंधाऱ्या खोलीत फिल्मला भोकं पाडणं, ती धुणं ही कामं करत. परेश मोकाशींचा 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' हा २००९चा चित्रपट तुम्ही पाहिला असेल तर हे सारं आठवेल.

सगळं जमलं, अडलं ते तारामतीपाशी. फाळक्यांनी वर्तमानपत्रांत जाहिराती दिल्या, स्वतः हिंडून चौकशा केल्या. ज्या वस्त्यांकडे सभ्य माणूस दिवसाढवळ्या पाहतही नसे, तिथल्या बायकांनीसुद्धा नकार दिला. शेवटी ग्रँट रोडवरच्या एका उपाहारगृहात काम करणारा अण्णा साळुंके नावाचा नाजूक बांध्याचा तरुण त्यांच्या नजरेस पडला. त्याला महिना दहा रुपये मिळत होते, फाळक्यांनी पंधरा कबूल केले. आणि ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन थिएटरात 'राजा हरिश्चंद्र' लागला तेव्हा पडद्यावर जी तारामती लोकांनी पाहिली, तो हा साळुंके होता.

आता तुम्ही म्हणाल, त्या काळी नाटकांतसुद्धा असंच होतं की. खरं आहे. बालगंधर्व शालू नेसून रंगभूमीवर आले की त्यांच्या नेसण्याची, अंबाड्याची, दागिन्यांची नक्कल चांगल्या चांगल्या घरच्या बायका करत. आपल्या कोकणात शिमग्याच्या खेळांत पुरुषानंच लुगडं नेसून नाचायची रीत आहे, आणि त्याला कोणी नावं ठेवत नाही. पुरुषानं बाईचं सोंग घेतलं तर ती कला, आणि बाईनंच बाईचं काम केलं तर मात्र अब्रू गेली. हा हिशेब आज आपल्याला विचित्र वाटतो. पण तो त्या काळच्या शहाण्यासुरत्या माणसांना अगदी बरोबर वाटत होता, हे लक्षात ठेवलं म्हणजे या मायलेकींनी काय केलं ते नीट कळतं.

दुर्गाबाईंपुढचे रस्ते

दुर्गाबाईंचे पती आनंद नानोसकर. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये ते इतिहास शिकवत. म्हणजे शिकलेलं घर, प्रतिष्ठेची नोकरी. पण संसार टिकला नाही. १९०३च्या सुमारास दोघं वेगळी झाली. कमळाचा जन्म १९०० सालचा, म्हणजे ती तेव्हा जेमतेम तीन वर्षांची.

आज नवऱ्यापासून वेगळी झालेली बाई वकील गाठते, पोटगी मागते, एखाद्या ऑफिसात, दुकानात, शाळेत काम शोधते. तेही सोपं नसतं, आपल्या आसपास आपण पाहतोच. पण १९०३ साली तर यातलं फारच थोडं होतं. माहेरी परत जाऊन भावजयीच्या हाताखाली राबायचं, कोणाच्या तरी घरी पोळ्या लाटायच्या, नाहीतर याहून वाईट काही करायचं, एवढेच रस्ते. दुर्गाबाईंनी चौथाच रस्ता धरला. लेकीला कडेवर घेतलं आणि त्या फिरत्या नाटक कंपनीत गेल्या.

नातेवाइकांनी, जातीतल्या लोकांनी त्यांना दूर लोटलं. नाटकातली बाई म्हणजे काय, हे लोकांच्या मनात ठरूनच गेलेलं होतं. तिला कोणी घरी बोलवायचं नाही, तिच्या मुलीला कोणी मागणी घालायची नाही. फिरती कंपनी म्हणजे पाठीवरचं बिऱ्हाड. ट्रंका, पडदे, पेट्या-तबले बैलगाडीत घालायचे आणि आज या गावी तर महिन्यानं पुढच्या गावी. कमळा चौथ्या वर्षीच रंगमंचावर उभी राहिली. अशा मुलीला शाळा कुठून मिळणार? तिच्या पाठांतराच्या वह्या म्हणजे नाटकातल्या नकला आणि तिची प्रार्थना म्हणजे नांदी.

मी स्वतः शाळेत अर्धवेळ शिकवते. चार वर्षांच्या मुलीला रात्री जागवून रंगमंचावर उभं केलेलं मला आज मुळीच पटणार नाही, आणि तुम्हांलाही पटू नये. पण दुर्गाबाईंना दोष देण्याआधी एवढं पाहू या, की त्यांनी मुलीला टाकलं नाही, कोणाच्या दारी ठेवलं नाही. जिथं स्वतः गेल्या तिथं तिला बरोबर नेलं, आणि जे स्वतःला येत होतं ते तिच्या हाती दिलं. आईजवळ तेव्हा देण्यासारखं तेवढंच होतं.

आई पार्वती, लेक मोहिनी

'राजा हरिश्चंद्र'ला यश मिळालं तसे फाळके मुंबई सोडून नाशिकला गेले. दुसऱ्या चित्रपटाची जुळवाजुळव चालली असतानाच रघुनाथराव गोखल्यांची 'चित्ताकर्षक नाटक कंपनी' नाशिकला मुक्कामाला आली. दुर्गाबाई आणि कमळा याच कंपनीत होत्या. फाळक्यांनी रघुनाथरावांकडे शब्द टाकला आणि त्यांनी आपल्या कंपनीतल्या या दोघींना चित्रपटात काम करू दिलं.

चित्रपट होता 'मोहिनी भस्मासुर'. गोष्ट तुम्हांआम्हांला लहानपणापासून पाठ आहे. शंकराच्या वरानं माजलेला भस्मासुर ज्याच्या डोक्यावर हात ठेवील तो भस्म होणार. मग विष्णू मोहिनीचं रूप घेतात, नाचता नाचता त्याला स्वतःच्याच डोक्यावर हात ठेवायला लावतात, आणि असुर जागच्या जागी राख! दुर्गाबाई झाल्या पार्वती आणि कमळा झाली मोहिनी. गंमत पाहा. मोहिनी म्हणजे मुळात स्त्रीरूप घेतलेला देवच. ज्या भूमिकेत पुरुष बाई होतो, तीच भूमिका आपल्या चित्रपटात एका खऱ्याखुऱ्या मुलीच्या वाट्याला आली.

तेव्हाचं काम कसं चालत असेल याचीही थोडी कल्पना यायला हवी. विजेचे दिवे नाहीत, सगळा भरवसा सूर्यावर. कॅमेऱ्याचा दांडा हातानं फिरवायचा. फिरवणाऱ्याचा हात मंदावला की पडद्यावरची माणसं दुडूदुडू धावायला लागायची. त्या काळच्या फिल्मला लाल रंग नीट उमटवता येत नसे, तो काळा दिसायचा. म्हणजे कपाळावरचं ठसठशीत लाल कुंकू पडद्यावर काळंभोर. उन्हात, जड दागिन्यांत, चेहऱ्यावर रंगाचा थर लावून काम करायचं. समोर प्रेक्षक नाहीत, टाळी नाही, वन्स मोअर नाही. नाटकात वाढलेल्या मुलीला हे किती चमत्कारिक वाटलं असेल!

आणि सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे आवाज नाही. कमळा संगीत नाटकांतली मुलगी. पल्लेदार गळा आणि स्वच्छ बोलणं हेच तिचं भांडवल. पण कॅमेऱ्याला ऐकू येत नव्हतं. ओठ हलवायचे, हात हलवायचे, डोळ्यांनी सांगायचं. बाकीचं काम पडद्यावर मधूनमधून उमटणाऱ्या अक्षरांचं. ज्यांना वाचता येत नसे त्यांना शेजारचा वाचून दाखवी, आणि पडद्यापुढे बसलेला पेटीवाला-तबलजी प्रसंगाला साजेलसं वाजवी.

३,२४५ फुटांचा हा चित्रपट, म्हणजे त्या वेळच्या वेगानं जेमतेम पाऊण ते एक तासाचा. १९१३ साली तयार झालेला 'मोहिनी भस्मासुर' जानेवारी १९१४मध्ये कोरोनेशन थिएटरात लागला. जोडीला 'पिठाचे पंजे' नावाची छोटी विनोदी फिल्मही होती. भारतीय चित्रपटात पहिल्यांदा बाई दिसली ती अशी. पहिली अभिनेत्री आई, आणि पहिली बालतारका म्हणा, पहिली नायिका म्हणा, तिची लेक.

दार उघडलं आणि पुन्हा लागलं

तुम्हांला वाटेल, चला, एकीनं वाट पाडली की मागून दहाजणी आल्या असतील. तसं झालं नाही. या मायलेकी पुन्हा आपल्या नाटकांकडे वळल्या. आणि १९१७ साली फाळक्यांनी 'लंका दहन' काढला तेव्हा त्यात सीता कोण होतं, ठाऊक आहे? पुन्हा अण्णा साळुंकेच! तोच राम आणि तोच सीता. खुद्द फाळक्यांनाही चार वर्षांनी पुन्हा पुरुषालाच साडी नेसवावी लागली. त्यांनी मग १९१९च्या 'कालिया मर्दन'मध्ये स्वतःच्या मुलीला, मंदाकिनीला, कृष्ण केलं.

पुढच्या दहा-बारा वर्षांत मूकपटांत बायका आल्या, पण त्यांतल्या बऱ्याचजणी ज्यू, अँग्लो-इंडियन, नाहीतर गाण्याबजावण्याच्या घराण्यांतल्या. पुण्यात जन्मलेली रुबी मायर्स ही त्यांतली सर्वांत गाजलेली. टेलिफोन ऑपरेटरची नोकरी सोडून ती 'सुलोचना' झाली. तिची कमाई मुंबईच्या गव्हर्नरापेक्षा जास्त, असं लोक म्हणायचे. येवल्याकडची अंबू नावाची लहान मुलगीही मूकपटांतच पुढे आली. तीच आपली ललिता पवार. नव्या पिढीला ती 'रामायण' मालिकेतली मंथरा म्हणूनच आठवते, पण तिचं पहिलं शिक्षण मुक्या पडद्यावरचं. पांढरपेशा मराठी घरातली बाई मात्र या धंद्यात क्वचितच दिसे. १९३१ला दुर्गाबाई खोटे आल्या तेव्हा एवढी आरडाओरड झाली, ती म्हणूनच. पहिल्या दुर्गाबाईंना लोक विसरूनही गेले होते.

पदरात तीन मुलगे

कमळाचं पुढे काय झालं? पंधराव्या वर्षी तिचं लग्न झालं, तेही रघुनाथराव गोखल्यांशीच. मालक, नट आणि आता नवरा. संसार आणि नाटक एकाच छपराखाली सुरू झालं. तीन मुलगे झाले. आणि कमलाबाई पंचविशीत असतानाच रघुनाथराव गेले.

मैत्रिणींनो, इथं जरा थांबू या. पंचवीस वर्षांची विधवा, तीन लहान मुलगे, शाळेचं शिक्षण नाही, मागं पैसा नाही. आईच्या आयुष्यात जे घडलं तेच लेकीच्या वाट्याला वेगळ्या रूपात आलं. आईचा संसार मोडला होता, हिचा नवरा देवानं नेला. त्या काळी विधवेनं अंगणातसुद्धा चारचौघांत येऊ नये अशी रीत. मग रंगमंचावर, दिव्यांच्या झगमगाटात, भरजरी कपड्यांत?

पण एका गोष्टीत कमलाबाईंची परिस्थिती आईपेक्षा बरी होती. दुर्गाबाईंना सगळं नव्यानं शिकावं लागलं असेल, कमलाबाईंच्या हातात मात्र कसब होतं, आणि ते आईनंच दिलेलं होतं. त्या काम करत राहिल्या. भूमिका लहान की मोठी हे पाहायला सवड नव्हती, तिन्ही मुलांची तोंडं भरायची होती. मुलंही त्याच वातावरणात वाढली. लालजी आणि सूर्यकांत तबलावादक झाले. चंद्रकांत लहान वयातच रंगभूमीवर आले. मराठी नाटक-सिनेमात त्यांनी मिळवलेलं नाव तुम्हांला माहीत आहेच. २००८ साली ते गेले. त्यांचा मुलगा विक्रम गोखले २०२२ साली गेला, तोपर्यंत रंगमंच, पडदा आणि छोटा पडदा तिन्ही ठिकाणी त्याचा दबदबा होता. वृत्तपत्रांनी तेव्हा 'नटांचं घराणं' असं लिहिलं. पण घराणं म्हटलं की आपण आजोबा-पणजोबा शोधायला लागतो. या घराण्याच्या मुळाशी नवऱ्यापासून वेगळी झालेली एक पणजी आणि पंचविशीत विधवा झालेली एक आजी आहे, हे किती जणांनी मोजलं?

पडदा बोलू लागला

१९३१ साली 'आलम आरा' आला आणि पडदा बोलू लागला. मूकपटांतल्या कित्येक नट्यांवर तो वज्राघातच होता. रूप होतं, लोकप्रियता होती, पण हिंदुस्थानी बोलता येत नव्हतं. सुलोचनालासुद्धा काम थांबवून भाषा शिकून घ्यावी लागली.

कमलाबाईंचं मात्र उलटं. ज्या गळ्याचा १९१३ साली काही उपयोग झाला नव्हता, तो आता उपयोगी पडू लागला. नाटकाबरोबर त्या बोलपटांत कामं करू लागल्या. नायिका म्हणून नव्हे. बहुधा आई, सासू, शेजारीण, आजी. पोस्टरवर नाव मोठ्या अक्षरांत नसायचं, पण काम मिळत राहिलं. सगळे मिळून सुमारे पस्तीस चित्रपट त्यांनी केले. शेवटचा विकास देसाई आणि अरुणा राजे यांचा 'गहराई', १९८० सालचा. हिशेब करा. पहिला चित्रपट तेराव्या वर्षी, शेवटचा ऐंशीच्या घरात. एक विनाआवाजाचा, काळापांढरा, हातानं दांडा फिरवून घेतलेला. दुसरा रंगीत, बोलणारा, आणि तो दिग्दर्शित करणाऱ्या दोघांतली एक बाई! या दोन टोकांमध्ये सदुसष्ट वर्षं एक बाई कामावर जात राहिली.

फाळक्यांच्या नावानं सरकारनं १९६९ सालापासून चित्रपटसृष्टीतला सर्वांत मोठा पुरस्कार सुरू केला. पहिला मिळाला देविका राणींना. सुलोचनाला १९७३चा आणि दुर्गाबाई खोट्यांना १९८३चा मिळाला, आणि दोघींनाही तो शोभून दिसला. फाळक्यांच्या स्वतःच्या चित्रपटात पहिली पार्वती आणि पहिली मोहिनी झालेल्या मायलेकींचं नाव मात्र त्या यादीत नाही. त्यात मला कोणावर आरोप करायचा नाही. पहिलं पाऊल टाकणाऱ्या माणसाजवळ पुष्कळदा दाखवायला मोठी कारकीर्द नसते, नुसतं ते पाऊलच असतं. ते मोजायचं माप आपल्याकडे नाही, एवढंच.

म्हातारपणची मुलाखत

एका गोष्टीचा मात्र आनंद वाटतो. कमलाबाई नव्वदीला आल्या असताना रीना मोहन या तरुण दिग्दर्शिकेनं त्यांच्यावर 'कमलाबाई' नावाचा माहितीपट तयार केला. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला तो पुरा झाला आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. फाळक्यांच्या कॅमेऱ्यानं जिचा आवाज टिपला नव्हता, तिला जवळजवळ ऐंशी वर्षांनी एका बाईनं कॅमेऱ्यासमोर बसवलं आणि म्हटलं, आता तुम्ही बोला. १९९८ साली त्या गेल्या, पण त्यांचं बोलणं त्या फिल्ममध्ये राहिलं.

दुर्गाबाई खोट्यांनी आपली कहाणी स्वतः लिहिली. 'मी, दुर्गा खोटे' हे त्यांचं आत्मचरित्र १९८२ साली आलं. त्या शिकलेल्या होत्या, त्यांच्याजवळ लेखणी होती. कमलाबाईंची कहाणी दुसऱ्या बाईनं टिपून घेतली. आणि दुर्गाबाई कामतांची? ती कोणीच टिपली नाही. लेकीच्या गोष्टीत जेवढी आई आली, तेवढीच ती आपल्यापर्यंत पोचली. सुरुवात जिनं केली तिचीच गोष्ट सर्वांत थोडी उरावी, याची मला चुटपुट लागून राहते.

आपण काय घ्यायचं?

"हे सगळं ठीक आहे, पण आम्हां संसारी बायकांना याचं काय?" असं तुम्ही विचाराल. सांगते.

आमच्या या किनाऱ्यावर हल्ली शूटिंगच्या गाड्या येतात. कधी अलिबागच्या किल्ल्यासमोर, कधी एखाद्या बागेतल्या बंगल्यात, कधी मुरूडकडे. बघायला आपण सगळ्या धावतो. संध्याकाळी कुकर लावून मालिकांपुढे बसतो, त्यातल्या सुनेच्या साड्या आणि मंगळसूत्रं पसंत करतो. आणि आपल्याच आळीतली एखादी मुलगी मालिकेत छोटं काम करायला मुंबईला जाऊ लागली, रात्री शेवटच्या लाँचनं किंवा एस.टी.नं परतू लागली, की आपणच दारात उभ्या राहून म्हणतो, "घरचे कसे पाठवतात बाई!" साडी बघायला हवी, पण ती नेसणारी आपल्या घरातली नको. १९१३ सालचा तो हिशेब अजून पुरता पुसला गेलेला नाही.

हे फक्त सिनेमातल्या मुलींपुरतं नाही. रात्रपाळीची नर्स, पेट्रोलपंपावर काम करणारी, रिक्षा चालवणारी, कोळीवाड्यातून पहाटे टोपली घेऊन निघणारी, सगळ्यांना हे ऐकावं लागतं. मी अर्धवेळ नोकरी धरली तेव्हा मलाही एकीनं विचारलं होतं, "घरात काय कमी आहे गं?" कमी असलं तर बाईनं बाहेर पडलेलं चालतं, नसलं तर चालत नाही, आणि कमी आहे हे कबूल करायलाही लाज. बाईनं करावं तरी काय?

म्हणून माझं एवढंच सांगणं आहे. अशी एखादी मुलगी दिसली तर तिच्या पाठीमागे बोलण्याऐवजी तिला विचारा, जेवलीस का? परत येताना सोबत आहे का? पगार वेळेवर मिळतो का? कामाच्या ठिकाणी बायकांसाठी स्वच्छ जागा आहे का? हे प्रश्न आईचे, आणि खरे उपयोगाचे. दुर्गाबाई कामतांना असे प्रश्न विचारणारं कोणी भेटलं असतं तर त्यांचा रस्ता थोडा तरी सोपा झाला असता.

आणि एक छोटं काम. तुमच्या घरात सासूबाई, आजेसासूबाई, माहेरची आजी, कोणी ऐंशीच्या पुढची असेल, तर एखाद्या दुपारी भाजी निवडताना तिला विचारा, पहिला सिनेमा कोणता पाहिला? जत्रेतल्या तंबूत की थिएटरात? कोणाबरोबर गेली होती, घरी सांगून की चोरून? आणि तिला स्वतःला काय व्हायचं होतं? ती आधी म्हणेल, "जाऊ दे गं, त्यात काय सांगायचं!" तरी विचारा. मुलाच्या जुन्या वहीत चार ओळी का होईना, पण लिहून ठेवा, खाली तारीख घाला. हल्ली मोबाईलमध्ये आवाजही टिपता येतो, तोही टिपा. नाव तिचं पूर्ण लिहा हं, माहेरचंसुद्धा.